डोहातला राखणदार

नाताळचे तारे उतरवून ठेवले जातात, नवे वर्ष उजाडते आणि आमच्या या सीमाभागात थंडीचा खरा अंमल सुरू होतो. येळवस होऊन गेलेली असते, संक्रांत अजून यावयाची असते. रानात ज्वारी हुरड्यास येऊ लागते, हरभऱ्यास घाटे धरतात आणि सकाळी बऱ्याच उशिरापर्यंत तळ्याच्या पाण्यावरून वाफेसारखे धुके उठत राहते. अशाच एका सकाळी आमच्या भाच्याचे पत्र आले. हा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात असतो. पत्रासोबत एक छायाचित्र होते. क्षितिजापर्यंत पसरलेले पांढरेशुभ्र मैदान, मध्यभागी एक उपडी घातलेली बादली, तिच्यावर कानटोपी घालून बसलेला आमचा भाचा, पायांशी ताटलीएवढे एक भोक आणि हातात हातभर लांबीची काठी! खाली त्याने लिहिले होते, 'मामा, मी बसलो आहे ते मैदान नव्हे. ते तळे आहे.'

पत्रात त्याने दोन गोष्टी विचारल्या होत्या. पहिली अशी, की आपल्या बीदर-कलबुर्गीकडे थंडीत कोणी तळ्यावर गळ टाकून बसते काय? दुसरा प्रश्न नव्हता, तक्रार होती. त्याच्या घराजवळील तळ्यात पूर्वी एका माणसास दिवसाला वीस 'सनफिश' धरण्याची मोकळीक होती; ती आता पाचावर आणली आहे. 'सरकारला माझ्या तव्यातील माशांची एवढी काळजी कशाला?' असे त्याने काहीशा त्राग्याने विचारले होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र आम्हांस आमचीच एक चूक सांगावी लागणार आहे. ती या सदरातून आम्ही आजवर सांगितलेली नाही. वाचकांनी ती शांतपणे ऐकून घ्यावी, एवढीच विनंती.

प्रथम त्या गोठलेल्या तळ्याविषयी. पाण्याचा एक स्वभाव मोठा विलक्षण आहे. बहुतेक पदार्थ जो जो थंड होतात तो तो आकसतात व जड होतात. पाणीही तसेच वागते. पण केवळ ४ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याहून अधिक थंड झाले की ते पुन्हा हलके होऊ लागते, आणि गोठून बर्फ झाले की आपल्याच पाण्यावर तरंगते. म्हणून तळे वरून गोठते, तळापासून नव्हे. वर बर्फाचे छत तयार होते आणि त्याखाली सर्वांत जड असे ४ अंशांचे पाणी तळाशी टिकून राहते. त्या पाण्यात मासे जिवंत असतात. पाण्याचा हा स्वभाव नसता, तर उत्तरेकडील तळी तळापर्यंत गोठून त्यांतील जीव केव्हाच नाहीसे झाले असते.

ताजा, निर्मळ बर्फ निदान ४ इंच जाड झाल्याखेरीज त्यावर पाऊल ठेवू नये, असा तेथील नियम आहे. मग मोठ्या गिरमिटाने बर्फास भोक पाडावयाचे, त्यातून बारीक दोर सोडावयाचा आणि वाट पाहत बसावयाचे. तेथे सापडतात ते ब्लूगिल, क्रॅपी, पिवळा पर्च असे तळहाताएवढे मासे. या लहान माशांस तिकडे 'तव्यातले मासे' अशाच अर्थाचे नाव आहे. कारण ते अख्खेच्या अख्खे तव्यात मावतात. थंडीत हे मासे फार हलक्या तोंडाने आमिष घेतात. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की त्याच्या अंगातील सारे व्यवहार मंदावतात. भूक कमी होते, पचन लांबते, आणि तो आमिष हिसकत नाही, नुसते ओठांनी चाचपून पाहतो. काठीचे टोक केसभर हलले, तेवढ्यावर बर्फावरील माणसाने ओळखावयाचे असते. असो.

आता आपल्याकडचे. आमच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्राही कधी धरत नाही. तथापि बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून २,००० फुटांहून उंच आहे, आणि पौषातील पहाटे तेथील गारठा कर्नाटकातील बहुतेक जिल्ह्यांहून अधिक कडक असतो. भालकी तालुक्यातील कारंजा जलाशय, बसवकल्याणकडील चुळकीनाला, आळंद तालुक्यातील अमरजा, चिंचोळीकडील चंद्रमपळ्ळी ही मोठी पाणी. गाणगापुराजवळ अमरजेस पोटात घेऊन जाणारी भीमा. बीडच्या बालाघाटात उगम पावून लातूरवरून बीदरात उतरणारी मांजरा. आणि यांखेरीज गावोगावची लहान तळी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बीदर म्हैसूर राज्यात आले. तेच राज्य १९७३ पासून कर्नाटक झाले. माणसांच्या सोयरिकी सीमेच्या अलीकडे-पलीकडे विखुरल्या. पाण्यास मात्र ती रेघ कधी कळली नाही. एकाच काठावर बसलेली मंडळी आजही एकाच जिवास कोणी मासा म्हणतात, कोणी मीनु, कोणी चेप, तर कोणी मछली.

थंडीतील गळाची रीत येथेही तीच. भल्या पहाटे तळ्यावर जाऊन कुडकुडण्यात काही हशील नाही. सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ बरी. कारण उथळ पाणी उन्हाने जरा कोमट होते आणि मासा हालचाल करू लागतो. वाऱ्याच्या आडोशाचा, उन्हाचा काठ निवडावा. दोर जितका बारीक तितका बरा, गळ लहान, आमिष हरभऱ्याच्या दाण्याएवढे. मग ते गांडूळ असो वा कणकेची गोळी. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाची साल सोलली की आतला भेंड्यासारखा हलका गाभा निघतो. त्याचा बोटभर तुकडा दोरास बांधला की उत्तम तरंगतो. हा तुकडा बुडण्याची वाट पाहणाऱ्यास थंडीत मासा मिळत नाही. तो नुसता थरथरला किंवा किंचित आडवा झाला, की हलकेच काठी उचलावी.

ही सारी विद्या आम्हांस लहानपणी ज्यांनी शिकवली, ते आमच्या गावचे एक वृद्ध भोई होते. सारा गाव त्यांना 'आबा' म्हणे, आम्हीही तेच म्हणत असू. या भागात पाण्यावर जगणाऱ्या माणसांची परंपरा जुनी आहे; बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवेश्वरांभोवती जे शरण जमले, त्यांत अंबिगर चौडय्या हा नावाडी होता. आबांस अक्षरओळख बेताचीच होती. परंतु तळ्यातील माशांची त्यांनी जी विभागणी केली होती, तशी सुबोध विभागणी आम्हांस पुढे कोणत्याही पुस्तकात आढळली नाही.

ते म्हणत, तळ्यात तीन तऱ्हेचा मासा असतो. पहिला 'सोडलेला'. रोहू, कटला, मृगळ हे ते मासे. हे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. साचलेल्या तळ्यात ते स्वतःहून वीण घालीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १९५७ साली हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी माशाच्याच मेंदूतळाच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून हौदात वीण करवून घेतली, आणि तेव्हापासून मत्स्यबीज विकत मिळू लागले. तळ्याचा ठेका घेणारी सोसायटी पैसे मोजून हे बीज पाण्यात सोडते. तेव्हा हा मासा ज्याने सोडला त्याचा. त्यास विचारल्यावाचून तो धरणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील कणसे मोडणे होय.

दुसरा 'पसरलेला'. बोटभर लांबीची चमकती खवलेदार बारीक मासळी, झिंगे, आणि १९५२ साली परदेशातून आपल्या देशात आणलेली चिलापी. हे जीव तळ्यातच भराभर वाढतात. यांतून घरच्या तव्यापुरते उचलावे. तळ्यास ते जाणवतही नाही. मात्र चिलापी ही उष्ण मुलुखाची. कडक थंडीत तिची भूक पार मरते, हे ध्यानात ठेवावे.

आणि तिसरा 'राखणारा', म्हणजे मरळ. तेलंगणात ज्यास कोर्रमीनु म्हणतात व ज्यास त्या राज्याने राज्यमत्स्याचा मान दिला आहे, तोच हा. मरळ हा मोठा नवलाचा मासा. त्यास नुसत्या पाण्यातील प्राणवायू पुरत नाही. तो अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. त्यामुळेच तो पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो, बाजारात जिवंत विकला जातो आणि भावही चांगला मिळवतो. तळे आटले तरी ओल्या चिखलात शिरून तो काही काळ तग धरतो. पावसाळ्यात नर-मादीची जोडी वीण घालते, आणि तांबूस-केशरी पिलांचा जो थवा पाण्यावर ढगासारखा हिंडतो, त्याखाली आई-बाप पहारा करीत फिरतात. पहारेकरी गेले की तो ढग दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातो.

यावरून आबांचा एक नियम होता. 'थंडीत उथळ पाण्यातला मासा घ्या,' ते सांगत. 'ते पाणी चैतात आटणार हाय. तिथला मासा तुम्ही न्या, बगळ्यानं न्यावा, नाहीतर उन्हानं न्यावा, एकच. पर डोहातला मरळ ठिवा. डोह आटत न्हाई. त्यो मासा उन्हाळा काढणार अन् पावसाळ्यात तळं पुन्हा भरणार.' थंडीत धरलेला मासा हा केवळ थंडीतला मासा नसतो; त्याच्यापुढे एक उन्हाळा आणि एक पावसाळा उभा असतो, हा त्यातील मथितार्थ. तो आम्ही शेकडो वेळा ऐकला होता. आणि ऐकूनही आम्ही जे केले ते असे.

२०१५ च्या नाताळची गोष्ट. २०१४ आणि २०१५ हे दोन्ही पावसाळे लागोपाठ हीन गेले होते. गावचे तळे निम्म्यावर आले होते. पुण्याहून आमचे दोन चुलतभाऊ सहकुटुंब नाताळास आले. सणाची मिस्सा झाली, जेवणे झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघे गळ घेऊन तळ्यावर बसू लागलो. पहिले दोन दिवस बारीक मासळी मिळाली. घरच्या मंडळींनी ती ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत भाजली, भाकरी व लसणाच्या चटणीसोबत सर्वांनी आवडीने खाल्ली. वास्तविक येथेच आमचे समाधान व्हावयास हवे होते. परंतु धाकटा भाऊ म्हणाला, 'दादा, पुण्यास जाऊन सांगण्यासारखे काही धरू या की!'

त्याच वेळी डोहाच्या मध्यावर पाणी फुटले. मरळ हवेचा घोट घेऊन खाली गेला होता. थोड्या वेळाने दुसरा. आबा त्या दिवसांत उदगीरला आपल्या लेकीकडे गेले होते. ते काठावर असते, तर आमचा हात उचललाच नसता, हे आम्हांस ठाऊक आहे. आणि ही गोष्ट आम्हांस अधिकच लाजविणारी आहे. नियम आम्हांस पाठ होता, तो पाळण्यासाठी मात्र कोणीतरी पाहत असावे लागत होते.

आम्ही मोठे गळ बांधले, आमिषास लहान बेडक्या लावल्या. मरळ गारठ्यात मंदावलेला असला, तरी दुपारच्या उन्हात समोर आलेली बेडकी तो सहसा सोडीत नाही. दोन दुपारींत आम्ही अकरा मरळ काढले. त्यांतील मोठे तर हाताच्या कोपराहून लांब होते. छायाचित्रे निघाली, शेजारीपाजारी वाटणी झाली, आमचे कौतुक झाले. गावातील तरुणांनी ते पाहिले. आठवडा उलटण्याच्या आत त्याच डोहात रात्रीचे गळ लागू लागले. ज्या डोहाकडे आजवर कोणी काठी वळविली नव्हती, तिकडे जाण्याची वाट आम्ही, शिकल्यासवरल्या माणसांनी, दाखवून दिली होती.

संक्रांतीनंतर आबा परतले. डोहाच्या काठी तुटलेले दोर पाहून ते थोडा वेळ उभे राहिले. आम्हांस पाहून एवढेच म्हणाले, 'काय करायलाव लेकरांनो हे?' उत्तर ऐकावयास ते थांबले नाहीत.

पुढचा उन्हाळा वाचकांस आठवत असेल. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले. आमचे तळे भेगाळले, आणि डोहात गुडघाभर गढूळ पाणी उरले. त्यात जे चारदोन मासे होते, ते लोकांनी हातांनी चाचपून काढले. मग सप्टेंबरात आभाळ फाटले. मांजरेच्या खोऱ्यात असा पाऊस झाला, की कोरडी धरणे भरली आणि आमचे तळे सांडव्यावरून वाहू लागले. साऱ्या गावाने आनंद केला. त्या थंडीत आम्ही पुन्हा काठावर बसलो. पाणी तुडुंब होते. मांजरेच्या पुराबरोबर आलेली बारीक मासळी हळूहळू लागत होती. परंतु चार दुपारी बसूनही डोहावर एकदासुद्धा पाणी फुटले नाही.

आम्ही आबांस म्हणालो, 'तळे आटले, त्यामुळे मरळ गेला असावा.' हे बोलताना आमचा आवाज आमच्याच कानांस खोटा वाटला. आबा म्हणाले, 'लोक तसंच म्हणतील, म्हणू द्या. बाहत्तर सालच्या दुष्काळातबी तळं आटलं होतं. तवा मरळ डोहात होता, चिखलात शिरला, पाऊस पडल्यावर बाहेर आला. औंदा शिरायलाच कोणी नव्हतं.'

मरळ म्हणजे आबांच्या घरी थंडीतील चार पैसे होते. सोसायटीच्या वाट्यातून उथळ पाण्यातील जे मरळ त्यांस मिळत, ते भालकीच्या बाजारी जिवंत विकून नातवंडांची वह्या-पुस्तके होत. त्या वर्षी त्यांचा मुलगा बांधकामाच्या कामास हैदराबादेस गेला. हे सारे आमच्या अकरा माशांमुळे घडले असे म्हणणे हीदेखील एक प्रकारची आढ्यताच होईल. दुष्काळ मोठा होता, गळ अनेकांचे होते. परंतु पहिला गळ आमचा होता, आणि नियम ठाऊक असलेले त्या काठावर आम्ही एकटेच होतो. प्रेषित पेत्र हा कोळी होता, हे प्रवचनांतून ऐकताना आम्हांस नेहमी बरे वाटते. पण आपल्याच गावच्या कोळ्या-भोयांस पाण्याचे जे कळते, ते मानण्याची वेळ आली की आमचे शिक्षण आडवे येते.

आम्ही आबांस काही पैसे देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. 'पैसा डोहात टाकला तर बुडतो, लेकरा. त्याला पिलं होत न्हाईत,' असे म्हणून ते हसले. मग थोड्या वेळाने म्हणाले, 'तुमच्याकडं गाडी हाय न्हवं? पावसाळ्यात मला निलंग्याकडं घेऊन चला.'

२०१७ च्या श्रावणात आम्ही त्यांस सीमेपलीकडे निलंगा तालुक्यातील त्यांच्या सासुरवाडीस नेले. तेथील एका जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत मरळ होते. आबांनी विहिरीच्या मालकाची परवानगी घेतली, सुती कापडाने बोटाएवढी पिले अलगद उचलली आणि दोन रुंद तोंडांच्या पातेल्यांत थोडे थोडे पाणी घेऊन, वर ओले फडके बांधून ती आमच्या गाडीत ठेवली. पातेली काठोकाठ भरू नका, वर हवा राहू द्या, असे त्यांनी दोनदा बजावले. कारण या माशास श्वास वरूनच घ्यावयाचा असतो. चाळीसेक पिले होती. तिन्हीसांजेस ती आम्ही डोहाच्या काठी, पाणवनस्पतींच्या आडोशास सोडली. सोसायटीच्या लोकांनीही डोहात गळ न लावण्याचे कबूल केले. ते आमच्या शब्दावर नव्हे, आबांच्या.

पुढील दोन वर्षे आम्ही डोहाकडे पाठ करून उथळ पाण्यात बसत होतो. २०१९ च्या पावसाळ्यात एका सकाळी आबांचा नातू धावत घरी आला. आम्ही जाऊन पाहतो तो डोहाच्या कडेस घोंगडीएवढा एक तांबूस ढग पाण्यावर हलत होता, आणि त्याखाली दोन काळ्या सावल्या संथपणे फेऱ्या घालीत होत्या. आबा बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून पाहत राहिले. काही बोलले नाहीत. पुढल्या वर्षी ते वारले.

आता भाच्याच्या तक्रारीचे उत्तर. त्याच्या त्या तव्यातील सनफिश माशांची कथा आमच्या मरळाहून फारशी निराळी नाही. ब्लूगिल जातीचा नर उन्हाळ्याच्या आरंभी तळाशी खोलगट घरटे करतो, आणि मादीने अंडी घातली की त्यांवर व पिलांवर तोच पहारा ठेवतो. मोठे नर हे मोठे पहारेकरी. नेमके तेच गळ टाकणाऱ्यास हवे असतात, आणि थंडीत बर्फाच्या भोकातूनही तेच निवडून काढले जातात. मोठे नर संपले, की लहान नरांस थांबण्याचे कारण उरत नाही. ते कमी वयातच विणीस लागतात, अंगाची वाढ खुंटते, आणि काही वर्षांनी तळ्यात मासे पुष्कळ, पण सारे खुजे, अशी स्थिती होते. हे जाणकारांच्या ध्यानात आल्यावर मिनेसोटात अलीकडे काही निवडक तळ्यांवर रोजची मर्यादा वीसवरून दहावर किंवा पाचावर आणली गेली. म्हणजे आबा जे तोंडी सांगत, ते तेथे फलकावर लिहिले आहे, इतकाच फरक.

आणखी एक साम्य आहे. तेथे बर्फावर हिमाचा जाड थर साचला, की सूर्यप्रकाश पाण्यात पोहोचत नाही. पाणवनस्पती प्राणवायू तयार करीनाशा होतात, कुजणाऱ्या पाल्याने आहे तोही संपतो, आणि उथळ तळ्यांतील मासे हिवाळ्याच्या अखेरीस गुदमरून मरतात. आपल्याकडे तेच काम वैशाखाचे ऊन करते. प्रत्येक तळ्यास वर्षातील एक कठीण ऋतू असतो. त्यातून जेवढे जीव पार होतात, तेवढीच पुढल्या वर्षाची पुंजी. थंडीत काठावर निवांत बसलेल्या माणसास हा कठीण ऋतू दिसत नसतो, म्हणून त्यास कोणीतरी तो सांगावा लागतो. आबांनी सांगावा, नाहीतर फलकाने.

थंडीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन तळ्यावर जाणाऱ्या आमच्या वाचक-कुटुंबांस चार शब्द सांगून हे लांबलेले टिपण पुरे करतो. पाणी कोणाच्या ठेक्यात आहे ते प्रथम विचारावे. विचारल्यावर बहुधा कोणी नाही म्हणत नाही. काठावरील गाळ वरून कोरडा दिसला तरी आत पाय धरून ठेवतो, म्हणून लहान मुलांस क्षणभरही एकटे सोडू नये. सोडून द्यावयाचा मासा ओल्या हाताने धरावा. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोर कापावा. तुटलेला दोर काठावर टाकू नये. त्यात पाखरांचे पाय अडकतात. उथळ पाण्यातून तव्यापुरते घ्यावे. आणि गावात एखादे आबा असतील, तर गळ टाकण्यापूर्वी त्यांच्यापाशी घटकाभर बसावे.

भाच्यास आम्ही कालच उत्तर धाडले. लिहिले आहे, 'चिरंजीव, पाच मासे पुष्कळ झाले. तुझा तवा तरी असा किती मोठा! त्या पाचांतही एखादा फार मोठा लागला, तर त्याचे छायाचित्र काढ आणि त्यास परत भोकातून खाली सोड. त्यास उन्हाळ्यात काम आहे.'